ओल्या वाळूचे पोते

घरामागच्या मोकळ्या रानात आज सकाळपासून मळणी यंत्र सुरू आहे. कणसांचा भारा आत गेला की त्याचा आवाज जाड होतो आणि भारा संपला की पुन्हा बारीक होतो. जोंधळ्याचे भुसकट वाऱ्यावर येऊन खिडकीच्या गजांवर, पुस्तकांच्या पाठींवर आणि माझ्या चष्म्याच्या काचांवर बसते. नोकरीत होतो तेव्हा हा आवाज म्हणजे वार्षिक परीक्षेची आगाऊ सूचना असे. आता शाळा नाही आणि परीक्षाही नाही. तरीही तो कानावर पडला की माझी मान ताठ होते आणि कोणी कोणाच्या उत्तरपत्रिकेत डोकावत तर नाही ना, हे पाहण्यासाठी डोळे खोलीभर फिरतात. खोलीत अर्थात मी एकटाच असतो.

याच दिवसांत माझ्या दारात नव्या जोंधळ्याचे एक पोते येते. गेली दहा वर्षे येत आहे, आणि ते का येते याविषयी मी दहा वर्षे संशय बाळगून आहे. तो संशय समजावून सांगायचा तर दौंडच्या एका रविवारपर्यंत मागे जावे लागेल.

त्याआधी एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. मी शिरूरच्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले. इतकी वर्षे परीक्षेच्या वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला कोणाचा खोकला हा नुसता खोकला वाटत नाही. पेन्सिल खाली पडली तर ती का पडली, कोणत्या बाजूला पडली आणि उचलायला कोण वाकले, हे तो पाहतो. दुकानदाराने न मागता चार मिरच्या जास्त घातल्या तर मी त्या उलटून पाहतो. वाचकांनी पुढचा मजकूर वाचताना माझी ही सवय ध्यानात ठेवावी आणि माझ्या साक्षीतून तेवढे वजन वजा करून घ्यावे.

शिरूर आणि दौंड या दोन गावांच्या स्वभावांत फरक आहे. घोड नदीच्या काठचे आमचे शिरूर जरा जपून बोलणारे. एखादी नवी गोष्ट आली की आम्ही आधी तिच्याभोवती एक फेरी मारतो. दौंड हे जंक्शनचे गाव. रात्रंदिवस गाड्या येतात आणि जातात, चारी दिशांची माणसे उतरतात, आणि त्यांच्यासोबत उतरलेली कोणतीही कल्पना दौंडकरांना दुसऱ्या दिवशी आपलीच वाटू लागते. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस त्यांना शक्ती स्पर्धा भरवण्याची कल्पना सुचली. गावोगावच्या यात्रांत तरणी माणसे गोल दगड उचलून दाखवतात, तेवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. त्यांना नियम हवे होते, पंच हवे होते, बिल्ले हवे होते आणि मुख्य म्हणजे ध्वनिक्षेपक हवा होता.

मला आलेले निमंत्रणपत्र तीन रंगांच्या शाईत होते. प्रमुख पाहुण्यांच्या नावाच्या जागी ‘लवकरच कळवू’ असे लिहिले होते. जो स्वतःचा पाहुणा ठरवू शकत नाही, तो इतरांचा विजेता कसा ठरवणार, असे माझ्या मनात आले. पत्राच्या शेवटी एका वाक्याखाली दोन रेघा होत्या. कुरकुंभच्या एका कारखान्याच्या व्यवस्थापकांनी पहिल्या येणाऱ्या स्पर्धकाला आपल्या गोदामात कायम नोकरी देण्याचे कबूल केले होते. त्या दोन रेघांचाही मला संशय आला. खऱ्या गोष्टीखाली एक रेघ पुरते.

मी पंच व्हावे अशी त्यांची विनंती होती. मी उलट टपाली कळवले की स्पर्धकांच्या यादीत म्हाळू नावाचा जो गडी आहे, तो माझा विद्यार्थी आहे. सबब मी पंच होणे योग्य नाही. चार दिवसांनी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष स्वतः शिरूरला आले. त्यांचे नटबोल्टांचे दुकान होते आणि सारे दौंड त्यांना शेठ म्हणे. पाणी प्यायल्यावर त्यांनी शांतपणे सांगितले, “सर, तुम्ही त्याला आठवीत नापास केलं व्हतं, हे आम्ही इचारून आलोय. त्याच्यापेक्षा सरळ पंच आम्हाला कुठं घावायचा?”

हे खरे होते, आणि त्यामागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. म्हाळूचे घर मूळचे मेंढपाळांचे. त्याचे वडील कोंडिबाआबा तरुणपणी कळप घेऊन घाट उतरून कोकणापर्यंत चालत जात. पुढे न्हावऱ्याच्या वाटेवर थोडी जमीन झाली, शेवटची मेंढरे विकली गेली आणि घर एका जागी बसले. म्हाळू शाळेत आला तो असा, घराण्यातला पहिला एका जागी बसलेला. आठवीत मी बाष्पीभवनाचा एक प्रयोग करून दाखवत असे. पत्र्याच्या डब्यात ओली वाळू घ्यायची, प्रार्थनेनंतर तिचे वजन करायचे, डबा खिडकीत उन्हात ठेवायचा आणि शेवटच्या तासाला पुन्हा वजन करायचे. काटा खाली येई. मी विचारत असे, वजन कुठे गेले? त्या वर्षी म्हाळू उभा राहिला आणि म्हणाला, “उन्हानं खाल्लं, सर.” वर्ग हसला. पुढे परीक्षेतही त्याने तेच लिहिले. मी त्याला दोनपैकी शून्य गुण दिले. तेवढ्याच दोन गुणांनी तो विज्ञानात मागे राहिला.

स्पर्धेच्या वेळी तो पंचविशीच्या आत होता. कारेगावात पत्र्याच्या एका खोलीत चौघांसोबत राहायचा आणि जवळच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली माल चढवायचा-उतरवायचा. दर सहा-सात महिन्यांनी काम थांबे, घरी बसावे लागे, पुन्हा बोलावणे येईल की नाही ते सांगता येत नसे. ‘परमनंट’ हा शब्द त्या काळी कारेगावच्या खोल्यांमधून जसा उच्चारला जाई, तसा मी देवळातही कोणता शब्द उच्चारलेला ऐकला नाही. म्हाळू स्पर्धेला निघाला तो बिल्ल्यासाठी निघाला नव्हता. हे त्याला माहीत होते, आबांना माहीत होते आणि मलाही माहीत होते.

नियम मी स्वतः लिहिले. एकूण सात. वाळूने भरलेले पोते जमिनीवरून एकट्याने खांद्यावर घ्यायचे, पांढऱ्या फक्कीने आखलेल्या रेघेपर्यंत वीस पावले चालायचे आणि ते न टाकता खाली ठेवायचे. ऐंशी किलोपासून सुरुवात, दर फेरीला दहा किलोंची वाढ, शेवटचे पोते एकशे वीसचे. दुसरा नियम असा की पुकारा झाल्यावर स्पर्धकाने जागा सोडू नये. मध्ये कोणी त्याच्या हातात काही देईल, ही शंका त्यामागे होती. चौथा नियम असा की प्रत्येक पोत्याला एकच प्रयत्न. हे दोन्ही नियम लिहिताना मला आपण फार न्यायी आहोत असे वाटले होते.

त्या रविवारी सकाळी आम्ही तिघे एसटीने निघालो. आबांच्या मांडीवर भाकरीचे फडके होते. म्हाळू खिडकीला टेकून बसला होता. न्हावऱ्यापुढे दोन्ही बाजूंना जोंधळा कापून पेंढ्या रचलेल्या, मध्येच उसाचा हिरवा चौकोन आणि त्याचा गोडसर ओला वास. पंच आणि स्पर्धक एकाच गाडीने आलेले कोणी पाहू नये म्हणून चौफुल्याला गाडी थांबली तेव्हा मी पुढच्या बाकावर जाऊन बसलो. आबांनी ते पाहिले आणि मांडीवरचे फडके सारखे केले.

दौंडने त्या दिवशी स्वतःला सणासारखे सजवले होते. बाजाराच्या आवाराच्या तोंडाशी कापडी कमान, तिच्यावर थर्माकोलची अक्षरे, आत बँडवाले, त्यांच्यामागे गुलाबी सरबताची पिंपे. ध्वनिक्षेपकावर बोलणारा गृहस्थ गाडीची शिटी येण्याआधीच थांबे आणि गाडी गेल्यावर अर्धे राहिलेले वाक्य पुरे करी. जन्मभर जंक्शनजवळ राहिलेल्या माणसाचे ते शहाणपण होते. मला मात्र प्रत्येक गोष्टीत काहीतरी टोचत होते. माझ्या सरबताचा पेला इतरांपेक्षा मोठा होता. माझ्या गळ्यात घातलेला हार प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेला असावा, कारण ते आलेच नव्हते. बिल्ल्यांवर विजेत्यांची नावे आधीच कोरली आहेत की काय, हे मी डबी उघडून पाहिले. कोरलेली नव्हती.

पोती एका फरशीवर ओळीने मांडली होती. प्रत्येकावर निळीने आकडा रंगवलेला. मी एका पोत्यावर तळवा ठेवला. तागाच्या आतून गारवा लागला. शेठ अभिमानाने म्हणाले की वाळू कालच भीमेतून आणली, ताजी आहे. मी वजन कोणी केले ते विचारले. त्यांनी लिंबाखाली पालथ्या पाटीवर बसलेल्या एका वृद्धाकडे बोट दाखवले. ते दगडूमामा, बाजारातले मापाडी. म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर घालून मोजणारे. पांढरी टोपी, धोतर, आणि कोणाकडेच न पाहणारे डोळे. वजने तपासली आहेत का असे मी विचारले, त्यांनी मान डोलावली. कुठे लिहून ठेवली आहेत का असे विचारले, तर त्यांनी पोत्यांवरच्या आकड्यांकडे हनुवटी केली. ज्याची नोंद नाही ते वजन नव्हे, असे मी मुलांना शिकवत आलो होतो. मी मनात एक खूण करून ठेवली.

स्पर्धा सुरू झाली आणि काही काळ मी संशय विसरलो, हे कबूल केले पाहिजे. माणसाच्या अंगातली ताकद कामाला लागते तेव्हा एक वेगळीच शांतता पसरते. शेकडो माणसे होती, पण पोते गुडघ्यावरून छातीवर आणि छातीवरून खांद्यावर जाताना फक्त ताग कातडीवर घासल्याचा आवाज येई. मग पावले. मी शेजारून चालत मोजत असे. ऐंशीला बारा जण होते, शंभराला पाच आणि एकशे दहानंतर दोनच उरले. एक म्हाळू आणि दुसरा त्याच बाजारातला हमाल, रफीक. रफीक आखूड बांध्याचा, रुंद मानेचा, रोजच्या पोत्यांचा माणूस. म्हाळूची ताकद लांब हाडांची होती. तो पोते उचलत नसे, जवळ बोलावून घेई. शेवटच्या पोत्यासाठी चिठ्ठी टाकली. पहिला म्हाळू निघाला.

त्याने तळव्यांना माती चोळली. डोळे अर्धे मिटले. श्वास खाली बसला आणि खांदे सैल झाले. त्या क्षणी तो पोते उचलणार हे सगळ्यांना दिसत होते, मलाही दिसत होते. मंडळाच्या दोघा पोरांनी एकशे वीसचे पोते फरशीवरून ओढत त्याच्यापाशी आणले, आणि जिथे ते रात्रभर उभे होते तिथे मला फरशीवर एक काळपट गोल दिसला. ओल होती.

इथे मी वाचकांना थोडे थांबवतो, कारण त्या क्षणी माझ्या डोक्यात जे घडले ते क्रमाने सांगायला हवे. वाळू ओली होती. पाणी रात्रभर खाली गळले आणि सकाळपासून उन्हात वाळत गेले. म्हणजे काल एकशे वीस भरलेले पोते आज एकशे वीसचे उरलेले नाही. म्हणजे म्हाळू उचलेल ते हलके पोते असेल. आणि मग सारा बाजार म्हणेल की शिरूरच्या पंचाने शिरूरच्या गड्याला हलक्या पोत्यावर नोकरी मिळवून दिली. यांतले पहिले तर्क विज्ञानाचे होते. शेवटचा भीतीचा होता. परंतु ते इतक्या वेगाने एकामागून एक आले की मला सगळेच विज्ञान वाटले. मी हात वर केला आणि शिटी वाजवली.

कुजबुज उठली. माझ्या मागेच आबा काठीवर हात ठेवून उभे होते. शेजारच्याने त्यांना काहीतरी विचारले असावे. आबा त्याला म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आले, “सरांनी थांबवलंय म्हंजी कायतरी आसंल.”

पोते हातगाडीवर घालून आवाराच्या दुसऱ्या टोकाला काट्याच्या खोलीकडे न्यायचे ठरले. रविवार असल्याने खोलीला कुलूप होते आणि चावी ज्यांच्याकडे होती ते जेवायला घरी गेले होते. म्हाळूने मला विचारले, “सर, बसू का सावलीला?” मी त्याला दुसऱ्या नियमाची आठवण करून दिली. तो जागेवर उभा राहिला. आठवीत शिक्षा झाल्यावर उभा राही तसा, हात बाजूला सोडून. रफीकचा पुकारा झालेला नव्हता, म्हणून तो नियमाप्रमाणे लिंबाखाली जाऊन बसला आणि त्याने दोन केळी खाल्ली. चाळीस मिनिटे गेली. काट्याच्या खोलीकडे जाताना मी एकदाच मागे वळून पाहिले. फाल्गुनातल्या दुपारच्या वाऱ्याने म्हाळूच्या अंगावरचा घाम वाळून पाठीवर मिठाचे पांढरे डाग उमटले होते.

चावी आली. शेठ, मी आणि आबा काट्याभोवती उभे राहिलो. दगडूमामांनी पोते चढवले, दांडीवरचे वजन सरकवले आणि बोट काढून घेतले. दांडी थोडी हलली आणि मधोमध स्थिरावली. एकशे वीस. ना खाली, ना वर.

मी पुन्हा मोजायला सांगितले. मामांनी वजन मागे नेऊन पुन्हा पुढे आणले. पुन्हा एकशे वीस. मग ते पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलले. “काल सांजच्याला हे पोतं एकशे तेवीस भरलं व्हतं, सर. तीन किलो पाण्याचं म्यां जास्ती टाकलं. वाळू रातभर गळती, दुपारपत्तुर वाळती. चाळीस वर्सं मी ओला माल मोजतोय.”

बाजाराची ही रीत मला माहीत नव्हती. माल ओला असेल तर वाळल्यावर किती भरेल याचा अंदाज मापाडी हाताने दाबून घेतो आणि तेवढे वजन आधीच जास्त धरतो. ते कुठे लिहिलेले नसते. मी त्यांना विचारले की हे सकाळी का सांगितले नाही.

“तुम्ही लिव्हलंय का इचारलं,” मामा म्हणाले. “ओल धरलीय का, आसं कुठं इचारलं?”

आबा काट्याकडे पाहत होते. दांडीकडे, मग मामांच्या बोटांकडे, मग पुन्हा दांडीकडे. मला वाटले, ते माझ्याकडे पाहण्याचे टाळत आहेत.

पोते परत आले. म्हाळूने पुन्हा माती चोळली, पण खांदे सैल होत नव्हते. पहिल्या झटक्यातच पोते खांद्यावर गेले आणि लोकांनी एकच श्वास घेतला. मी शेजारून चालू लागलो. दहा. बारा. पंधराला त्याचा श्वास मोठा झाला. सोळा. सतराव्या पावलाला डावा गुडघा थरथरला, वाकला, आणि पोते त्याच्या पाठीवरून घरंगळत मातीत पडले. रेघ तीन पावलांवर होती.

यानंतर जे झाले ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. शेठनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाले की उशीर आपल्यामुळे झाला, गडी थंड पडला, सरांची हरकत नसेल तर शिरूरच्या पाहुण्याला घडीभर बसवून पुन्हा एक संधी द्यावी. दौंडकरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा स्वतःचा माणूस समोर उभा असताना त्यांनी टाळ्या वाजवल्या. रफीक लिंबाखालून उठून माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “द्या की, सर. उन्हात हुबा व्हता त्यो. आसं जिंकून मला काय गोड लागंल?”

मला त्या उदारपणाचाही संशय आला. आज टाळ्या वाजवतील आणि उद्या हेच लोक सांगत फिरतील की पंचाने आपल्या माणसासाठी नियम मोडला. मी खिशातून नियमांचा कागद काढला आणि चौथा नियम वाचून दाखवला. आवाज वर्गातल्यासारखा ठाम लागला. टाळ्या थांबल्या. इतक्या उत्साही गावाला मी एका वाक्यात गप्प केले.

रफीकने पोते उचलले. वीस पावले चालून ते त्याने अलगद खाली ठेवले, पण हात वर केले नाहीत. नोकरी त्याला मिळाली. पुढे तो त्या गोदामात चांगला स्थिरावला असे ऐकले. त्या दोन रेघांवरचे वाक्य खरे होते. बिल्ले खरे होते. वजनेही खरी होती. त्या दिवशी दौंडात मी ज्या ज्या गोष्टीवर शंका घेतली, ती प्रत्येक गोष्ट खरी निघाली.

परतीच्या एसटीत मी मुद्दाम वेगळ्या बाकावर बसलो नाही. आता कोणी पाहिले तरी काय बिघडणार होते? आबांनी फडके सोडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. चौफुला मागे पडल्यावर म्हाळूने विचारले, “सर, सतरा झाली ना?”

मी म्हणालो, हो, सतरा.

“मला पंधराच वाटली व्हती,” तो म्हणाला आणि खिडकीला डोके टेकून झोपला.

त्याच फाल्गुनाच्या शेवटी माझ्या दारात पहिले पोते आले. आबा स्वतः घेऊन आले होते. नवा दाणा आधी सरांच्या घरी, एवढेच ते बोलले. ते गेल्यावर मी पोत्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. ही भेट होती, टोमणा होता की काही मागणे होते? माझ्या ओसरीच्या तुळईला एक आकड्याचा काटा टांगलेला असतो. पन्नास किलो म्हणून आलेले ते पोते मी त्याला अडकवले. बावन्न भरले. दुसऱ्या वर्षी पुन्हा बावन्न. तिसऱ्या वर्षीही तेच. हे वरचे दोन किलो मला झोपू देईनात. माझ्या मोजण्याला आबा हसत आहेत, असे मी धरून चाललो. कधी वाटे, त्या तीन पावलांचा हिशेब ते उलट बाजूने फेडत आहेत, मला लाजवण्यासाठी. मुलांना प्रश्न विचारा असे आयुष्यभर सांगणाऱ्या मला हा एक प्रश्न विचारता आला नाही.

दोन वर्षांपूर्वी आबा गेले. त्या साली पोते येणार नाही असे मी गृहीत धरले होते. पंधरा दिवस उशिरा म्हाळू मोटारसायकलवर घेऊन आला. बावन्न किलो.

ठेकेदाराचे काम त्याचे केव्हाच सुटले. तो गावी परतला, शेती करू लागला आणि भावकीत मिळून त्यांनी एक मळणी यंत्र घेतले. आज सकाळपासून घरामागे जे वाजते आहे, ते तेच. मी खिडकीतून त्याला पाहत होतो. तोंडाला उपरणे बांधून तो भारे आत सारत होता, आणि डावा पाय जरासा जपून टाकत होता. तो पाय पूर्वीपासून तसा आहे की त्या दुपारनंतर झाला, हेही मी कधी विचारलेले नाही.

दुपारी तो पोते घेऊन ओसरीवर आला. माझी वाट न पाहता काट्याकडे गेला आणि आकडा ओढू लागला. दरवर्षी त्याची पाठ फिरल्यावर मी काय करतो, हे त्याला ठाऊक होते. मग मी विचारले, “म्हाळू, पन्नासचे पोते दरवर्षी बावन्न का भरते?”

त्याला हसू आले. “वाळतं की, सर. दाणा आत्ता ओला हाय. तुम्ही आज मोजणार, आन् मध्येच कवातरी शंका आली की परत मोजणार. तवा पन्नासच भराया पायजे, न्हाईतर तुम्हाला घोर लागंल. आबा तसं सांगून गेलाय. दौंडला काट्यापाशी हुबा राहून शिकला त्यो, दगडूमामाचं बघून. मला म्हणला, सरांच्या पोत्याला ओल धरत जा.”

मग तोच पुढे म्हणाला, “दोन किलो ऊन खातं, सर.”

बाष्पीभवन हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. त्याऐवजी दहा वर्षे आत साठवलेले एक वाक्य मी बोललो. मी म्हणालो, “त्या दिवशी मी तुला सावलीत बसू द्यायला हवे होते. आणि दुसरी संधी द्यायला हवी होती.”

म्हाळू आकडा हातात धरून उभा राहिला. रानातून येणारा यंत्राचा आवाज बारीक झाला होता. त्याने तिकडे कान दिला. “रिकामं फिरतंय ते, सर,” तो म्हणाला. “जातो. भारा टाकाया पायजे.” आकडा सोडून त्याने पोते खांद्यावर घेतले, आतल्या खोलीत नेऊन अलगद खाली ठेवले आणि मागच्या दाराने रानात निघून गेला.

आता संध्याकाळ झाली आहे आणि यंत्र थांबले आहे. पोते मी अजून काट्याला लावलेले नाही. लावणारही नाही, असे मी दुपारी ठरवले आहे. मघाशी मात्र कंदील घेऊन त्या खोलीत गेलो आणि पोते एका बाजूने किंचित कलते करून खालची फरशी पाहिली. जोंधळ्याचे पोते गळत नाही, हे मला माहीत आहे. फरशी कोरडी होती. तरीही मी खाली वाकून तिच्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहिलो.